रात्री अकराची भूक : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-५०४ : मंडळी, एक विचारायचं होतं. ऑफिसनंतर जिमला जायलोय, मोबाइलवर खाण्याची नोंद ठेवून १५०० कॅलरीच्या आत राहायलोय. दिवसभर काही वाटत नाही, पण रात्री अकरा वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. काय करावं?

ए-१०२ काकू : अरे बाळा, कपभर गरम दूध पी हळद घालून. झोपही चांगली लागते.

बी-४०१ : पाणी पिऊन बघा. बऱ्याचदा तहानच असते.

सी-५०४ : पाणी पितो ताई, अर्ध्या तासात पुन्हा तेच.

ए-३०३ वहिनी (आहारतज्ज्ञ) : भाऊजी, दिवसभरात काय काय खाता ते आधी सांगा.

सी-५०४ : सकाळी वाटीभर सुशीला (मुरमुऱ्यांचा). डब्यात एक पोळी, भाजी. चारला चहा. जिमहून आल्यावर एक भाकरी नि पालेभाजी. भात बंद केलाय.

ए-३०३ वहिनी : मग ही दुपारचीच भूक आहे, रात्री वसूल व्हायलीय. संध्याकाळी तशीही भूक वाढते, शरीराचं घड्याळच तसं आहे. आणि तुमच्या ताटात प्रथिनं फारच कमी आहेत. व्यायाम न करणाऱ्यालासुद्धा दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे ७० किलोला ५६ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६.
डब्यात मटकीची उसळ किंवा घट्ट वरण न्या, सोबत दही. चारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे. रात्री भाकरीसोबत पिठलं, नाहीतर दोन उकडलेली अंडी : दीडशेच्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. शिवाय दिवसाच्या हिशेबातून १५०-२०० कॅलरी रात्रीसाठी मुद्दाम राखून ठेवा. वाटीभर दही आणि जवसाची चटणी खाऊन निवांत झोपा. रात्री खाल्लेलं सगळं चरबीत जातं असं काही नसतं, दिवसाची बेरीज महत्त्वाची. तुमच्या व्यायामाला १५०० मला कमीच वाटतात. रोज खर्चापेक्षा ३००-४०० कॅलरी कमी खाल्ल्या तरी पुरे.

डी-२०२ : मी रात्री शेंगदाणे-गूळ खातो. आपलं देशी, पौष्टिक.

ए-३०३ वहिनी : पौष्टिक आहेच. पण ३० ग्रॅम दाण्यांच्या १७० कॅलरी होतात, गूळ वेगळा. डबा मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसू नका, वाटीत काढून घ्या. तेलाचंही तेच. ठेच्यावर मोठा चमचाभर करडईचं तेल घेतलं की १२० कॅलरी झाल्या, आणि नोंदीत ते कुणीच लिहीत नाही.

सी-२०३ : वहिनी, माझी सेकंड शिफ्ट. वाळूजहून घरी यायला साडेबारा होतात. सगळे म्हणतात आठनंतर खाऊ नका. मग उपाशी झोपू का?

ए-३०३ वहिनी : अजिबात नाही! तो नियम तुमच्या कामाच्या वेळा बघून केलेला नाही. मुख्य जेवण शिफ्टच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये करा. घरी आल्यावर ताकातल्या ज्वारीच्या कण्या किंवा एखादं मुगाचं धिरडं. आणि झोप पूर्ण घ्या. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटतं. मग तळलेलं, गोडच खावंसं वाटतं. सकाळी घरच्यांनी लवकर उठवू नये, हे त्यांना स्पष्ट सांगा.

बी-१०१ काका : मी शुगरची गोळी घेतो. हल्ली रोज गोगाबाबा टेकडीवर जातो, रात्रीचं जेवण निम्मं केलंय. पण रात्री दोनला एकदम भूक लागून जाग येते, घाम सुटतो, हात थरथरतात. मीही फुटाणे खाऊ का?

ए-३०३ वहिनी : काका, थांबा. तुमचं वेगळं आहे. साखर उतरत असेल. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने असं होतं, त्यात चालणं वाढलं नि जेवण कमी झालं. असं वाटलं की लगेच साखर मोजायच्या मशीनवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग थोडं खा. फुटाण्यांनी साखर पटकन चढत नाही. आज रात्रीचं जेवण पूर्ण करा. गोळी मनाने बंद करू नका, सकाळी डॉक्टरांना भेटा.

बी-१०१ काका : मशीनच्या पट्ट्या संपल्यात.

सी-५०४ : काका, माझ्या आईच्या आहेत, पण मशीन वेगळी असेल तर चालायच्या नाहीत. मशीनसकट घेऊन येतो आत्ताच. काकूंनाही जागं राहू द्या.

ए-३०३ वहिनी : आलेला आकडा मला कळवा. आणि सकाळी दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.