कोकणातला मुक्काम: आधी तिथी, मग विमानाचं तिकीट

विषय: जानेवारीचा मुक्काम – जागा, तंबू, वाद्यं
प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

जानेवारीत गावी येणारी साधारण 60 माणसं रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राजवळ दोन रात्री तंबूत राहणार आहेत. तिकीट नाही, स्टेज नाही, पाहुणे कलाकार नाहीत. जो येईल त्याने गायचं, वाजवायचं, नाचायचं, रांधायचं, नाहीतर काही घडवून मांडायचं. कल्पना बर्निंग मॅनवरून सुचली, म्हणजे अमेरिकेत नेवाड्यातल्या ब्लॅक रॉकच्या वाळवंटात भरणारा मेळावा, जिथे माणसाची मोठी लाकडी आकृती जाळतात. मेळाव्याचे एक संस्थापक लॅरी हार्वी यांनी 2004 साली त्याची दहा तत्त्वं लिहिली. त्यांतली दोन आपण जशीच्या तशी घेतो आहोत: नुसतं बघायला यायचं नाही, आणि निघताना जागेवर आपली कसलीही खूण ठेवायची नाही.

कोकणातल्या मंडळींनी चार गोष्टी सांगाव्यात. तंबू पुळणीवरच, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतच, ठोकायचे का? ब्लॅक रॉकच्या वाळवंटात लोखंडी सळ्यांचे खुंटे वापरतात, ते चालतील का? स्पीकर किती मोठा लागेल? शेवटच्या रात्री बांबूची आकृती जाळता येईल का?

शनिवार-रविवार बघून तारीख कळवतो, म्हणजे तिकिटं काढता येतील.

---

विषय: उत्तर: जानेवारीचा मुक्काम
प्रेषक: रत्नागिरी, जागा आणि तंबू

दादा, तारीख आत्ताच ठरवू नका. आधी पंचांग उघडा.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, भरतीला जोर नसतो. भरतीची वेळ काढायची इकडची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून घ्या. शुक्ल अष्टमी ते दशमीत येणारा शनिवार मिळाला तर उत्तम. अष्टमीला सहाची भरती ओसरून नऊपर्यंत ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो. फेर धरायचा तो त्याच पट्ट्यावर. कोरड्या पुळणीत पाय घोट्यापर्यंत रुततात, ठेका बसत नाही आणि पोटऱ्या भरून येतात. शिवाय त्या रात्री मध्यरात्रीपर्यंत चांदणं असतं, त्यामुळे दिवे कमी लागतात.

तंबू मात्र पुळणीवर नकोत. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून मादी अंडी घालते. तंबूला जागा म्हणून आपली नजर जाते ती नेमकी तिथेच. वाळूत तंबू धरून ठेवायचा तर तेवढंच खोल खणावं लागतं, आणि वरून घरटं ओळखू येत नाही. म्हणून पुळणीवर खणणं नाही, गाडी नाही, रात्री पांढरा झोत नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून समुद्राकडे तोंड करून एकही दिवा लावू नका. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नुसती सौजन्याची बाब समजू नका.

मोकळी, सपाट जागा म्हणून सड्याकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराकडेही नजर जाईल. कातळावर खुंटा शिरत नाही, आणि जानेवारीत गवत वाळलेलं असल्याने एका ठिणगीवर वणवा लागतो. त्याहून मोठं कारण म्हणजे कातळशिल्पं, खडकात कोरलेली जुनी चित्रं. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि दुसऱ्या सड्यांवरही शिल्पं आहेत. खोदाई उथळ असते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ती दिसतही नाही, तिरप्या उन्हात दिसते. त्यावर चूल पेटली तर जांभा तडकतो आणि काळा पडतो.

म्हणून पुळणीमागची नारळाची वाडी भाड्याने घ्यावी. तिघांचा तंबू दोघांना धरला तर 30 तंबू, दोऱ्यांसकट प्रत्येकी 12 बाय 12 फूट. नुसत्या तंबूंना चार गुंठे लागतात. स्वयंपाक, वाटा आणि बसायचं अंगण धरून दहा गुंठे बघा. आठवडाभर आधी पाडेली लावून तयार नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. तरीही माडाच्या माथ्याखाली तंबू नको. पोफळीला दोर बांधू नका. ती वाऱ्यावर हलते, दोर कापत जातो आणि वर चढलेली मिरवेल फाटते. माडाच्या आळ्यात खणू नका, आणि त्या दोन दिवसांत तंबूंच्या बाजूचं शिंपण बंद ठेवायला मालकांना आधीच सांगा.

सळ्यांचे खुंटे घरी ठेवा. ब्लॅक रॉकची जमीन म्हणजे कडक वाळलेलं तळं, तिथे सळई घट्ट बसते. वाडीतल्या पुळणवट जमिनीत ती एका झटक्यात वर येते. गोणपाटाची लहान पिशवी वाळूने अर्धी भरा, मधोमध दोर आवळा, दीड फुटावर आडवी पुरा, वरून पाणी मारून तुडवा. दोर जमिनीशी जितका कमी कोन करून निघेल तितकी पकड जास्त. सिमेंटची प्लास्टिक गोणी नको. तिचे धागे सुटतात आणि जमिनीत राहतात.

तंबू सकाळी अकराच्या आत उभे करा. दुपारी खारे वारे वायव्येकडून जोर धरतात आणि ताडपत्री शिडासारखी फुगून दांडे मोडतात. पाठ वायव्येला, दार आग्नेयेला. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, म्हणून चुली तंबूंच्या दक्षिणेला ठेवा, धूर दोन्ही वेळा बाजूने जाईल. आतलं कापड आणि बाहेरचं आवरण यांत चार बोटं अंतर ठेवा, झरोके रात्रभर उघडे. झरोके बंद केले की श्वासाचीच वाफ आतून थिजते आणि पहाटे अंथरूण ओलं लागतं. दहिवर पुरतं सुकल्याशिवाय तंबू गुंडाळू नका, नाहीतर बुरशी धरते.

---

विषय: उत्तर: उत्तर: पाणी, संडास, जेवण
प्रेषक: गुहागर, स्वयंपाक

ताई-दादांनो, जागेचं ठरलं की पहिला हिशोब पाण्याचा. बर्निंग मॅनला माणशी रोज दीड गॅलन, म्हणजे साधारण 5.7 लिटर पाणी आणायला सांगतात. इकडे हवा दमट, घाम वाळत नाही. पिण्याचं 5, रांधणं-भांडी 8, हातपाय आणि संडास 12, असं माणशी 25 लिटर धरा. 60 माणसांना रोज 1500, दोन दिवसांचं 3000. वाडीच्या विहिरीवर एवढा उपसा टाकण्याआधी मालकांना विचारा. जानेवारीनंतर तेच पाणी त्यांना शिंपणाला पुरवायचं असतं.

संडासासाठी खड्डे नकोत. पुळणवट जमिनीत कडा ढासळतात, आणि वाळू असो की जांभा, पाणी झिरपून विहिरीपर्यंत पोचतं. 15 माणसांमागे एक असे चार आडोसे करा, आत झाकणाचं पिंप आणि वर बैठक. प्रत्येक वेळी एक डबा भाताचं तूस टाकायचं. वास येऊ लागला तर समजावं की तूस कमी पडतंय किंवा धुण्याचं पाणी आत जातंय. धुण्याची जागा वेगळी ठेवा. पिंपं शेवटी कुठे रिकामी होणार हे ग्रामपंचायतीशी आधी ठरवून घ्या, रविवारी दुपारी नव्हे.

सकाळी उकड्या तांदळाची पेज, माणशी 60 ग्रॅम तांदूळ, सोबत लोणचं आणि हवा त्याला भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि कुळथाची पिठी: तांदूळ 8 किलो, पीठ 2 किलो. सोलकढीला 15 नारळ आणि एक लिटर आगळ (कोकमाचा रस) लागतं. नारळाचं दूध काढून ठेवून देऊ नका. उन्हात तीनेक तासांत ते आंबतं, आणि पहिली खूण म्हणजे कडेला येणारा बारीक फेस. आगळ शेवटी, पंगत बसताना घालावं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं हवं, ॲल्युमिनियमचं नको, आंबटाने ते खाल्लं जातं.

मासळीची आतडी, काटे वाडीच्या खतखड्ड्यात टाकू नका. वासावर कुत्रे आणि कोल्हे येतात, आणि किनाऱ्यावर आले की कासवांची अंडी उकरतात. झाकणाच्या डब्यात भरून रोज गावात न्या.

एक मनापासून सांगते. बर्निंग मॅनला देण्या-घेण्यात पैसा नसतो, त्याचं तुम्हाला अप्रूप वाटतं. इकडे त्याला वानवळा म्हणतात. शेजारच्या घरातून पपनस किंवा केळ्यांचा फणा आला तर पाकीट काढू नका. रिकामी टोपली परत पाठवायची नसते, त्यात आपलं काहीतरी घालून पाठवा.

---

विषय: उत्तर: वाद्यं, फेर आणि आवाज
प्रेषक: कुडाळ

काकूंनी जेवणाचं सांगितलं, मी वाद्यांचं सांगतो.

स्पीकर आणूच नका. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. नियम बाजूला ठेवला तरी, स्पीकर आला की एकाच्या हातात माईक राहतो आणि बाकीचे श्रोते होतात. तुम्हाला तर तेच नको आहे.

दमट हवेत कातडं सैल पडतं. दुपारी लावलेली ढोलकी रात्री नऊला उतरलेली असते. म्हणून फेर सुरू होण्याआधी अर्धा तास पुन्हा लावा. विस्तवावर शेकायची तर हातभर लांब धरून फिरवत राहा. एका जागी धरली की कातडं कडक होऊन फाटतं, आणि शाई पोपडे होऊन सुटते. पखवाजाच्या धुमाची (डाव्या तोंडाची) कणीक दोन तासांनी सुकून तिचा दणका जातो, ती वाजवण्यापूर्वी ताजी लावा, आणि रात्री खरवडून काढा, नाहीतर उंदीर कातडंही कुरतडतील. पेटी (हार्मोनियम) वाळूवर टेकवू नका. भात्यात वाळूचा कण गेला तर सूर अडकून चिरकत राहतो. खाली पाट, वर घोंगडी, आणि वाजवून झालं की लगेच खोक्यात बंद.

नवख्यांना ओढायला जाखडी या कोकणातल्या फेराच्या नाचासारखं काही नाही. मध्ये गाणारे बुवा, ढोलकी, झांज बसतात, भोवती आठ-दहा जणांचा फेर, पायात चाळ. शिकवताना आधी फक्त चाल द्या, हातांचं नंतर. लोक चुकतात ते पाय उचलताना नव्हे, वळताना: बाहेर तोंड केलं की शेजारी दिसेनासा होतो आणि फेर तुटतो. म्हणून पहिला तास सगळ्यांची तोंडं आतच ठेवा. दोन फेर जमले की शक्ती-तुऱ्यासारखे, दोन पक्षांत, सवाल-जवाब लावता येतात.

दशावताराचा, म्हणजे इकडच्या जत्रांतल्या लोकनाट्याचा, एखादा प्रवेश करायचा असेल तर पडदे, नेपथ्य काही लागत नाही. एक बाकडं पुरे, तेच सिंहासन, तेच रथ. कथानक ठरलेलं असतं, संवाद उभ्या उभ्या रचायचे. दशावताराच्या कंपन्यांना मात्र "या, आमच्याकडे थोडं करून दाखवा" म्हणू नका. तो त्यांचा जत्रांचा हंगाम असतो. एका रात्री तुम्हीच गावच्या जत्रेत जाऊन दहीकाल्यापर्यंत बसा. पिंगुळीचे कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचे (चित्रं दाखवत कथा सांगण्याचे) कलाकार बोलावले तर त्यांचं पूर्ण मानधन द्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, आणि ही ठाकर समाजाची पिढ्यांची विद्या आहे. सहभागाच्या नावाखाली ती फुकट मागणं मला पटत नाही.

आकृती जाळण्याबद्दल: नको. आपल्याकडे होळी फाल्गुनात, गावच्या मानाने, ठरलेल्या जागी लागते. जानेवारीत पाहुण्यांनी पेटवायची ती गोष्ट नव्हे. सुरूच्या बनाजवळ तर विस्तवच नको, खाली सुयांचा थर असतो. ऊब आणि उजेड हवा असेल तर अर्धं कापलेलं पिंप तीन चिऱ्यांवर ठेवा, तेही वाडीच्या अंगणात. त्यात सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या जाळा. निखारे वाळूने कधीही झाकू नका, आत तासन्‌तास धग राहते आणि पहाटे अनवाणी पाय भाजतात. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात लावून बघा.

---

विषय: उत्तर: काय ठरलं
प्रेषक: कार्यक्रम समिती

सगळ्यांचे आभार. तंबू वाडीत, स्पीकर नाही, आकृती नाही. ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्याचा अर्ज ही कामं रत्नागिरीच्या दादांकडे.

आवरण्याची रीत बर्निंग मॅनची घेऊ. तिथे जागेवर नको असलेल्या प्रत्येक वस्तूला मूप म्हणतात. तंबू उठल्यावर हात-हात अंतराने एका ओळीत उभं राहून वाडी दोनदा चालायची, दुसऱ्यांदा उलट दिशेने, कारण तिरप्या उन्हात एका बाजूने न दिसलेलं दुसऱ्या बाजूने दिसतं. चुलीभोवतीची वाळू तांदळाच्या चाळणीने चाळायची. तंबूच्या पुरलेल्या पिशव्या मोजून काढायच्या: तंबूमागे सहा, 30 तंबूंच्या 180, एकही कमी भरता कामा नये. चमकी, थर्माकोल, फुगे आणूच नयेत. चाळातली घुंगरं फेराआधी आणि नंतर मोजावीत.

प्रत्येकाने उत्तरात दोनच गोष्टी लिहा: काय करणार, आणि आवरायला किती वाजेपर्यंत थांबणार. शुक्ल अष्टमीजवळचा शनिवार पंचांग आणि भरतीचं कोष्टक पाहून कळवतो. तोवर तिकिटं काढू नका.