किर्गिझस्तान: सोन-कोल आधी की काराकोल?

सी-४०१, दादा: आपल्या सोसायटीच्या किर्गिझस्तान सहलीसाठी टूरवाल्याचा ७ दिवसांचा आराखडा आलाय. राजधानी बिश्केकला उतरायचं, दुसऱ्या दिवशी थेट डोंगरातलं सोन-कोल तळं, मग इसिक-कुल सरोवर, काराकोल शहर आणि परत. सोन-कोल वाटेतच पडतं म्हणून आधी घेतलंय म्हणे. बदल सुचवा.

ए-२०२, काका: क्रमच उलटा आहे. बिश्केक ८०० मीटरवर, सोन-कोल ३०१६ वर. एका दिवसात २२०० मीटर चढून तिथेच झोपायचं म्हटलं तर विरळ हवेने निम्म्या लोकांची डोकी रात्रभर ठणकतील. नकाशावर ते आधी येत असेल, उंचीच्या हिशेबात ते शेवटी यायला हवं. दिवसा किती वर गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो हे महत्त्वाचं.

आधी काराकोल घ्या, ते साधारण १७०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री, मग अल्टिन अराशानला एक रात्र. ती जागा २५०० च्या आसपास, गरम पाण्याचे झरे आहेत. मग इसिक-कुलच्या दक्षिण किनाऱ्याने कोचकोर गाव आणि तिथून सोन-कोल. एवढं करायला १० दिवस लागतात. ७ दिवसच असतील तर सोन-कोल सरळ सोडा.

बी-१०३, काकू: अल्टिन अराशानला गाडी जाते ना? गुडघे दुखतात माझे.

सी-५०४, ताई: जाते काकू, पण आपली नेहमीची गाडी नाही. शेवटचे १४-१५ किलोमीटर नुसते दगड आणि ओहोळ. काराकोलहून सोव्हिएत काळातल्या युआझ गाड्या मिळतात, चारही चाकांना जोर असलेल्या. दोनेक तास हाडं खिळखिळी होतात, तेव्हा कमरेचा पट्टा बरोबर घ्या. तरुण मंडळींनी तिथून आला-कुल तळ्याजवळची खिंड धरायचं मनात आणलं असेल, तर ती ३८०० च्या वर आहे आणि अराशानच्या बाजूचा उतार सुट्या खडीचा. काठ्यांशिवाय नको.

बी-१०३, काकू: आणि झोपायला काय असतं तिथे वर?

सी-५०४, ताई: सोन-कोलला युर्त. लाकडी सांगाड्यावर लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. आत गोवऱ्यांची शेगडी पेटवतात, ती पहाटेपर्यंत विझते आणि खरी थंडी तेव्हाच लागते. जुलै-ऑगस्टमध्येही पारा शून्याखाली जाऊ शकतो, बर्फसुद्धा पडतो. थर्मल, लोकरी टोपी, जाड मोजे हवेतच. वीज भरवशाची नाही, पॉवर बँक भरून न्या. संडास युर्तपासून लांब, तेव्हा प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची बॅटरी हवी.

ए-२०२, काका: त्यातच डायमॉक्सचा, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीचा मुद्दा येतो. त्या गोळीने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, पण घ्यायची की नाही हे आपापल्या डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. गोळी घेतली म्हणून क्रम उलटा चालतो असं मात्र नाही.

आणखी एक. गाडी आणि ड्रायव्हर रात्री सोन-कोललाच थांबले पाहिजेत, हे टूरवाल्याकडून लिहून घ्या. पैसे वाचवायला गाडी परत पाठवतात. उंचीच्या त्रासाने कुणी उलट्या करायला लागलं किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरवायचं. कोचकोर तीनेक तासांवर आहे, पण गाडीच नसेल तर काय करणार?

डी-३०२, दादा: केल-सू तळं बसवता येईल का? फोटो जबरदस्त आहेत.

सी-५०४, ताई: ते चीनच्या सीमापट्ट्यात येतं. व्हिसा वेगळा, सीमापट्ट्याचा परवाना वेगळा. परवाना तिथल्या एजन्सीमार्फत आधीच काढावा लागतो, आयत्या वेळी मिळत नाही. तळं ३५०० च्या आसपास आणि काही वेळा त्यातलं पाणीच उतरलेलं असतं. मी तरी यावेळी काट मारेन.

ए-६०१, आजी: शाकाहारी काय मिळेल?

सी-५०४, ताई: काराकोलला आशल्यान-फू मिळतं, आंबट-तिखट गार नूडल्स. बहुतेक ठिकाणी मांस नसतं, पण अंडं असू शकतं. एरवी भाजीचं सूप म्हणून जे येतं ते बरेचदा मटणाच्याच पाण्यात केलेलं असतं, तुकडे काढून वाढतात. त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, सूप कशात शिजलंय तेही विचारायचं. युर्तमध्ये पाव, जाम, साय, काकडी-टोमॅटो आणि न संपणारा चहा. आजी, भाजकं पीठ आणि मेतकूट बरोबर असू द्या. कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आग्रह झाला तर एक घोट पुरे, सवय नसलेलं पोट लगेच बिघडतं.

सी-४०१, दादा: पैसे कसे न्यायचे?

ए-२०२, काका: डॉलर, नव्या कोऱ्या नोटा. घडी फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट नाकारतात. बिश्केकमध्ये त्यांचे सोम (तिथलं चलन) करून घ्या, सोन-कोलला एटीएम नाही. विमा घेताना दोन गोष्टी वाचा: उंचीची मर्यादा किती आणि घोडेस्वारी धरली आहे का. पुष्कळ पॉलिसींत घोडा वगळलेला असतो आणि तिथे तर सगळे घोड्यावरच बसणार.

सी-४०१, दादा: ठीक. टूरवाल्याला १० दिवसांचा नवा क्रम कळवतो, जुलैचा शेवटचा आठवडा धरून. ई-व्हिसासाठी सगळ्यांनी पासपोर्टची मुदत बघा, सहा महिने तरी शिल्लक हवी. पासपोर्टचे फोटो इथे ग्रुपवर टाकू नका, मला वेगळे पाठवा.