टायमिंग बेल्ट गेला, मिस्त्री हेड का उतरवतोय?

राऊकर:
डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किमी. महूहून इंदूरला येताना राऊजवळ चालतं इंजिन एकदम बंद पडलं. आता स्टार्टर मारला की नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, इंजिन धरत नाही. मिस्त्रीने कव्हर काढलं, तर बेल्टचे आठ-दहा दात सोललेले. म्हणतो, हेड (सिलेंडरांवरचं झाकण, हवा-धूर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह त्यातच) उतरवावं लागेल. बेल्ट बाहेर, व्हॉल्व्ह आत, मग त्यांचा संबंध काय? उगाच खर्च काढतोय का?

पाना_बारा:
आधी स्टार्टर मारणं बंद करा, भिया.
बेल्ट खालच्या क्रँकची (पिस्टन जोडलेला दांडा) आणि वरच्या कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गाठ बांधतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा, म्हणून कॅमच्या पुलीला दुप्पट दात. ३००० आरपीएमला व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. तो जिथे खाली उतरतो, तिथेच नंतर पिस्टन वर येतो. एकाच खोलीत दिवसपाळी-रातपाळीचे दोन भाडेकरू. डिझेलमध्ये हवा साधारण १६-१८ पट दाबायची असते, त्यामुळे वर जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट गेला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडी गिअरमध्ये असल्याने चाकं क्रँक फिरवत राहतात. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्हची दांडी केसभर वाकली तरी तो सीटवर (बसायच्या कडेवर) नीट बसत नाही आणि दाब गळतो. स्टार्टर हलका फिरतोय तो त्यामुळेच.

सराफ्याचा_खवय्या:
शेवटचं वाक्य पटलं नाही. कॅम थांबला की उघडे सिलेंडर तसेही दाब धरत नाहीत, व्हॉल्व्ह शाबूत असले तरी. काही इंजिनांत रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा तुकडा) आधी मोडतो आणि व्हॉल्व्ह वाचतो. हेडला हात लावण्याआधी हे करा: क्रँक टॉपपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून) पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन मधे राहतात. मग कॅम खुणेवर, क्रँक खुणेवर, आणि बेल्ट चढवा. पान्याने, हाताने, दोन फेरे द्या. अडलं तर जोर लावू नका. फिरलं तर एकेक सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला (पिस्टन वर, व्हॉल्व्ह बंद) आणून ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून हवा भरा. एअर फिल्टरकडे फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा.

पाना_बारा:
मान्य, ते घाईत लिहिलं. पण गळती व्हॉल्व्हचीच निघाली तर हेड उतरणारच. तेव्हा व्हॉल्व्हचे गाइड (दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) तपासून घ्या. डिझेलचं हेडखालचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, जुन्याच्या कडेच्या खाचा किंवा भोकं मोजा आणि तेवढ्याचंच आणा. कोनात (ठरावीक अंश फिरवून) आवळायचे हेड बोल्ट ताणलेले असतात, ते नवेच घाला. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

सराफ्याचा_खवय्या:
आणि दात का सोलले ते शोधा. एकाच जागचे दात सोलतात ते बहुधा वाटेत काही अडल्यावर: वॉटर पंपाचं बेअरिंग, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), नाहीतर खुद्द कॅम. पुली हाताने फिरवून बघा. बेल्टला ऑइल लागलं असेल तर सीलही बदला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पंप जुनेच ठेवून नवा बेल्ट टाकू नका.

राऊकर:
हेड थांबवलंय. उद्या हवा भरून बघतो, मग सांगतो.