दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे की तीनदाच जेवावे?

प्रश्न

गेले तीन महिने मी दर अडीच-तीन तासांनी थोडे थोडे खात आहे. वारंवार खाल्ल्याने चयापचयाचा वेग वाढतो आणि पोट फार वेळ रिकामे राहिले तर शरीर चरबी साठवू लागते, असे मला व्यायामशाळेत सांगण्यात आले होते. तळलेले आणि गोड मी पूर्ण बंद केले आहे. दोन्ही जेवणे बेताची घेते आणि मधल्या चार वेळांना फळ, दही, उकडलेले अंडे किंवा मूठभर बदाम एवढेच खाते. तरीही वजन घटण्याऐवजी दीड किलोने वाढले आहे. खाण्याच्या वेळा आणि वजन यांचा नेमका संबंध काय आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

तुम्हाला जे सांगितले गेले त्यात सत्याचा थोडा अंश आहे, आणि म्हणूनच हा समज इतका पक्का बसला आहे. अन्न पचवण्यासाठी शरीराला ऊर्जा खर्च करावी लागते आणि मिश्र आहारात हा खर्च खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण १० टक्के असतो. परंतु तो एकूण किती आणि काय खाल्ले यावर ठरतो, किती वेळा खाल्ले यावर नाही. १८०० कॅलरी तीन जेवणांत विभागल्या तर प्रत्येक ६०० कॅलरींमागे ६० खर्च होतील आणि सहा वेळांत विभागल्या तर प्रत्येक ३०० मागे ३०. दोन्हीकडे दिवसाची बेरीज १८०च येते. प्रथिने पचवताना मात्र त्यांच्यातील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते, तर स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम ० ते ३ टक्के असते. त्यामुळे वेळा मोजण्यापेक्षा ताटात काय आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पाच-सहा तास न खाल्ल्याने चयापचय मंदावत नाही. दीर्घकाळ कमी खाल्ले आणि वजन उतरले की तो काही प्रमाणात मंदावतो, पण ती वेगळी गोष्ट आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १५ जणांना तेवढेच अन्न एकदा तीन आणि एकदा सहा भागांत देण्यात आले. दिवसभरात जळालेल्या चरबीत फरक आढळला नाही. उलट सहा वेळा खाताना भूक आणि खाण्याची इच्छा जास्त जाणवली.

आता तुमच्या दीड किलोविषयी. आपण किती खातो याचा अंदाज बांधण्यात माणसे प्रामाणिकपणेही फार चुकतात. काहीही केले तरी वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या लोकांवरील १९९२च्या एका अभ्यासात त्यांचा चयापचय व्यवस्थित निघाला, मात्र त्यांनी नोंदवलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होते. दिवसातून सहा वेळा खायचे म्हणजे अंदाज चुकण्याच्या सहा संधी. तुम्ही ‘मूठभर’ म्हणता ते बदाम एकदा किचनच्या काट्यावर ठेवून पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद २

मला टाइप २ मधुमेह आहे, म्हणून मी हा विषय बराच वाचला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चेक संशोधकांच्या प्रयोगात ५४ मधुमेहींनी १२ आठवडे सहा वेळा आणि १२ आठवडे फक्त सकाळी व दुपारी असे दोनदाच खाल्ले. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच ठरवलेल्या होत्या. वजन सहा वेळांच्या काळात सरासरी २.३ किलोने, तर दोन वेळांच्या काळात ३.७ किलोने घटले. डॉक्टरांशी बोलून मी तीन जेवणांवर आलो आणि मधले खाणे सोडले. पहिले दहा दिवस चार वाजता हात आपोआप डब्याकडे जायचा, नंतर ती भूक उरली नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर मात्र जेवण परस्पर गाळू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

प्रतिसाद ३

मी थोडी वेगळी बाजू मांडते. फार वेळ उपाशी राहिले की रात्री माझा ताबा सुटतो, म्हणून मला पाच वेळाच सोयीच्या पडतात. पण दिवसभराचे सगळे सकाळीच मोजून डब्यांत भरते आणि डबे संपले की खाणे संपले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील वर्षभराच्या प्रयोगात कॅलरी कमी करणाऱ्या १३९ जणांपैकी निम्म्यांना दिवसाच्या आठ तासांतच खाण्याचे बंधन होते. त्यांचे वजन ८ किलोने आणि इतरांचे ६.३ किलोने घटले, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज बदाम काट्यावर ठेवले. माझी एक मूठ ४२ ग्रॅमची निघाली, म्हणजे सुमारे २४० कॅलरी, आणि अशी मूठ मी बहुतेक दिवशी दोनदा घेत होते. हा आकडा पाहून मी बराच वेळ काट्यासमोर उभी होते. मला कोणतीही औषधे चालू नाहीत, त्यामुळे सोमवारपासून मधले खाणे बंद करून तीन जेवणे घेईन, प्रत्येकात अंडी, दही किंवा कडधान्य ठेवीन आणि पाणी व मिठामुळे वजन रोज खाली-वर होते म्हणून आठवड्याची सरासरी लिहीन. सहा आठवड्यांचे आकडे इथेच देईन.