शेवाळ खाणाऱ्या कॅटफिशला वेगळे खाद्य द्यावे का?

प्रश्न

माझ्या 80 लिटरच्या टँकमध्ये काचेवर आणि पानांवर तपकिरी शेवाळ साचत होते, म्हणून मी चार ऑटोसिंक्लस (शेवाळ खाणारे छोटे कॅटफिश) आणले. त्यांनी काच स्वच्छ केली, परंतु आता ते मंदावले असून एकाचे पोट आत गेलेले दिसते. इतर माशांच्या तरंगत्या खाद्याकडे ते फिरकत नाहीत. त्यांना वेगळे खाद्य द्यावे का? शिवाय सोबतीला मोठा सकर मासा आणावा का?

पहिले उत्तर

आत गेलेले पोट हे उपासमारीचे लक्षण आहे, त्यामुळे आजच खाद्य सुरू करावे. हे मासे मऊ शेवाळ आणि पृष्ठभागावरचा सूक्ष्मजीवांचा पातळ थर खरवडून खातात. तो संपला की स्वच्छ दिसणाऱ्या टँकमध्ये त्यांना खायला काहीही उरत नाही, आणि शेवाळ खाणारा मासा आपले पोट आपणच भरतो या समजुतीपायी कितीतरी ऑटोसिंक्लस दगावतात. झुकिनीची किंवा काकडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून, गार करून, वजन बांधून तळाशी सोडावी. दिवे मालवल्यावर इतर मासे शांत होतात, म्हणून ती वेळ उत्तम. उरलेली चकती सकाळी काढून टाकावी, कारण ती कुजली की पाणी बिघडते. बुडणारे शेवाळ-वेफर, म्हणजे तळाशी जाणाऱ्या शेवाळाच्या खाद्यवड्याही चालतात.

दुसरे उत्तर

मोठा सकर मासा मुळीच आणू नये. दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा प्लेको, म्हणजे हाच सकर मासा, 30 सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, भरपूर विष्ठा करतो आणि मोठा झाल्यावर शेवाळात फारसा रस घेत नाही. पुढे तो पेटीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात, हे तर अतिशय घातक आहे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या माशांनी अनेक देशांच्या पाण्यात बस्तान बसवले असून ते विणीसाठी काठाच्या मातीत बिळे करतात, त्यामुळे काठ ढासळतात. ब्रिसलनोज प्लेको हा त्याचा लहान भाऊबंद साधारण 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो, पण तुमच्या टँकमध्ये आहे त्या चौघांनाच शेवाळ पुरत नसताना त्यांच्या घासात आणखी वाटेकरी कशाला?

प्रश्नकर्ता

आभारी आहे. त्यांनी चकतीला तोंडच लावले नाही तर काय करावे?

पहिले उत्तर देणारे

नव्या माशांना चकती किंवा वेफर हे खाद्य आहे हे ओळखायला वेळ लागतो, म्हणून चकती रोज ताजी देत राहावी. तोवर काही गुळगुळीत दगड पाण्याच्या बरणीत घालून उन्हाच्या खिडकीत ठेवावेत. त्यांवर हिरवा थर धरला की ते टँकमध्ये ठेवावेत आणि दुसरे दगड बरणीत घालावेत. दरम्यान पाण्याची चाचणी अवश्य करावी. विष्ठा आणि कुजणाऱ्या खाद्यातून तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक शून्य हवेत, कारण अशक्त झालेल्या माशाला त्यांचे थोडे प्रमाणही सोसत नाही. मासा काचेला चिकटला असताना त्याचे पोट समोरून स्पष्ट दिसते, तेव्हा रोज सकाळी तेच पाहावे: ते गोलसर दिसू लागले, तर तो रात्री जेवला आहे.