‘मॅच रेन्ड ऑफ’ बरोबर की चूक?

ओली_छत्री: ‘पावसामुळे मॅच रद्द झाली’ याला ‘द मॅच रेन्ड ऑफ’ म्हणता येईल का? कुठे ‘रेन्ड आउट’ही दिसतं. आणि सरळ ‘कॅन्सल्ड’ म्हटलं तर काय बिघडतं?

कर्मणी: ‘वॉज’ राहिलं. ‘द मॅच वॉज रेन्ड ऑफ.’ ही चूक मराठीतून येते. आपली मॅच पावसात आपली आपण वाहून जाते. इंग्रजीत मात्र हे क्रियापद जवळजवळ नेहमी कर्मणीच. वॉज, गॉट, हॅज बीन, काहीतरी पुढे लागतंच. ‘द रेन रेन्ड ऑफ द मॅच’ तर नकोच, पाऊस क्रियापदातच पडून गेलाय! ‘ऑफ’ ब्रिटिश, ‘आउट’ अमेरिकी. बेसबॉलमध्ये ‘रेनआउट’ हे नामही चालतं. उच्चार ‘रेनेड’ नाही, ‘रेन्ड’, जोर ‘ऑफ’वर.

‘कॅन्सल्ड’ चूक नाही, पण कारण कळत नाही. ‘कॉल्ड ऑफ’मध्ये कुणीतरी निर्णय घेतलेला असतो आणि कारण काहीही असू शकतं.

चौथा_पंच: २०१९ च्या विश्वचषकातले भारत-न्यूझीलंड सामने घ्या. १३ जूनला नॉटिंगहॅमला एकही चेंडू पडला नाही: सामना रेन्ड ऑफ. ९ जुलैला मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११ असताना पाऊस आला आणि उरलेला खेळ राखीव दिवशी, १० तारखेला झाला. हा सामना रेन्ड ऑफ नव्हे. तिथे ‘रेन स्टॉप्ड प्ले’. फार तर ‘त्या दिवसाचा उरलेला खेळ रेन्ड ऑफ’ म्हणा.

ओली_छत्री: म्हणजे फक्त खेळालाच?

कर्मणी: नाही. सहल, जत्रा, आतषबाजी, उघड्यावरचं आधी ठरलेलं काहीही. हॉलमधल्या लग्नाला नाही. लोकल बंद म्हणून ऑफिस बुडालं, तर तेही नाही. बर्फामुळे रद्द झालं तर ब्रिटिश ‘स्नोड ऑफ’ म्हणतात. ‘स्नोड इन’ म्हणजे बर्फामुळे घरात अडकून पडणं.

चौथा_पंच: आणि ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ पडू देऊ नका. ‘वुई गॉट रेन्ड ऑन’ म्हणजे सहल झाली, फक्त सगळे भिजले.