हर्णै, सुवर्णदुर्ग, अंजर्ले: दोन मुक्कामांत वेळा कशा जुळवायच्या?

पुळणवाट

फेब्रुवारीअखेर पुण्याहून हर्णैला जायचं ठरतंय. शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी परत. सहा जण आहोत: चार मोठे, नऊ वर्षांची मुलगी आणि आई (वय ६८, सपाटीवर तासभर चालते, पायऱ्या नको म्हणते). गाडी आहे. बंदरावरचा मासळीचा लिलाव, समुद्रातला सुवर्णदुर्ग, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि जमलंच तर कासवांची पिल्लं, एवढं बघायचंय. येताना सात-आठ किलो मासळीही आणायचीय.

जुन्या धाग्यांवर कुणी म्हणतं किल्ल्यावर सकाळी जा, कुणी म्हणतं संध्याकाळी. लिलावाच्या वेळेचंही तेच. नक्की काय धरायचं? मुक्काम हर्णैतच करावा का? शनिवारी पंचांगात अष्टमी आहे, त्याने काही फरक पडतो का?

जुना तांडेल

शेवटचा प्रश्न पहिला विचारायला हवा होता. बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं.

शिवाय अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, खाडीच्या तोंडाशी ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हे सगळं उलट. भरती दुपारी बाराच्या आधी-नंतर, आणि संध्याकाळी लिलावाच्या वेळेला पाणी पार आत गेलेलं. तुम्ही वाचलेल्या उलटसुलट सल्ल्यांचं कारण हेच. प्रत्येकाने आपापल्या तिथीचा अनुभव लिहिलाय, तिथी मात्र कुणीच लिहिली नाही.

किल्ल्यासाठी शनिवारी सकाळी आठला बंदरावर पोचा. होडी पंधरा-वीस मिनिटांत नेते. दुपारी खारा वारा सुटला की पाणी खवळतं, लहान होडीत अंगावर तुषार येतात आणि मुलं ओकतात. आठला निघालात तर साडेदहाच्या आत परत याल, ओहोटी तळाला जायच्या आधीच. उतरताना घोटाभर ते गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, तळाशी खडक असतात. तिथे घात शेवाळापेक्षा कालवं करतात. खडकाला चिकटलेल्या रिकाम्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते. अनवाणी उतरू नका, अंगठ्याची चप्पलही नको, ती चिखलात राहते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. आईंना या उतरण्यात घेऊ नका, त्यांना बंदरालगतच्या कनकदुर्गाच्या पायथ्याशी बसवा, वर पायऱ्या आहेत. दीपगृह तिथेच आहे आणि समोर सुवर्णदुर्गाचा अख्खा तट दिसतो.

होडीत चढण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं माणशी की होडीचं, किल्ल्यावर किती वेळ थांबणार, आणि लाइफ जॅकेट. लहान मापाचं जॅकेट बहुतेकदा नसतं. मुलीसाठी घरून आणलंत तर उत्तम.

किल्ल्यावर प्यायचं पाणी नाही, दुकान नाही, स्वच्छतागृह नाही. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारी तटात मारुती, हे दोन चुकवू नका. घाईत लोक कासवावर पाय देऊन आत जातात. आत झाडोरा माजलाय, पण फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, त्यामुळे तटाच्या कडेने फिरता येतं. विहिरी झुडपांत दडलेल्या आहेत, मुलीचा हात सोडू नका. पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला तो १७५५ मध्ये. मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा आहे. म्हणून शनिवार-रविवारी उशिरा गेलात तर होडीसाठी ताटकळायची तयारी ठेवा.

खाजण

मुक्काम हर्णैत नको. गाव मासेमारीचं आहे. किनाऱ्यावर जाळी, होड्या, वाळत घातलेली मासळी, त्यामुळे पोहायला पुळण (वाळूचा किनारा) नाही आणि वासाची सवय नसेल तर जेवण जात नाही. मुरुड किंवा कर्द्याला राहा, बंदर पंधरा-वीस मिनिटांवर आहे. निवांतपणा हवा असेल तर अंजर्ले.

बुक करताना एकच प्रश्न विचारा: "मासळी आणली तर करून द्याल का?" मुरुड-अंजर्ल्याची बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत. उकडीचे मोदक, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी अप्रतिम, पण त्या घरात सुरमईची पिशवी घेऊन शिरलात तर दोन्हीकडून अवघडल्यासारखं होतं. जिथे मासळी चालते तिथे करून द्यायचा दर आधी ठरवा, किलोवर की ताटावर.

दुसरं, नकाशात नुसतं "मुरुड बीच" टाकू नका. रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, आपलं दापोली तालुक्यातलं वेगळं. मध्ये खाड्या आहेत. चूक माणगावच्या पुढे लक्षात आली तर अर्धा दिवस गेला.

रस्ता: ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, दापोली. आंबेतचा पूल पूर्वी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा जिथे उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करा. नाहीतर महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेडचा भरणे नाका आणि दापोली. लांब पडतं, पण मोठा रस्ता. पेट्रोल आणि रोख पैसे दापोलीतच घ्या.

दापोलीहून हर्णैला उतरताना आसूद लागतं. केशवराजचं देऊळ पोफळीच्या बागेतून खाली उतरून, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडून पुन्हा पायऱ्या चढून आहे. आईंना ते जमणार नाही. कड्यावरच्या गणपतीला मात्र गाडी थेट देवळापाशी जाते. तिथून संध्याकाळी सुवर्णदुर्ग फार छान दिसतो.

सोडे-बटाटा

लिलाव सकाळी साडेसात-आठला आणि संध्याकाळी चारपासून अंधार पडेपर्यंत. संध्याकाळचा मोठा. शुक्रवारी सप्तमी, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास भरती, म्हणून साडेचारला पोचा. पाणी जवळ असलं की माल झटपट किनाऱ्याला लागतो.

लिलावात बोली लावायला जाऊ नका. तिथे ढीग आणि पाट्या जातात, घेणारे व्यापारी असतात, आणि मध्ये उभं राहिलं की ओरडा बसतो. ढीग सुटला की बाजूला बसलेल्या बायका तोच माल वाट्यावर किंवा नगावर विकतात. तुमची खरेदी तिथे. पहिला भाव ऐकून लगेच निम्मा सांगायचा, असं करू नका. दोन ठिकाणी विचारा आणि मग एकीकडेच सगळं घ्या, चार मांदेल्या वर पडतात.

बघायचं काय? कल्ले उचला: लाल किंवा गुलाबी हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि काळाभोर हवा. बोटाने दाबलं तर खळगा भरून यायला हवा. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ठीक, लालसर-पिवळं आलं तर ठेवून द्या. तळहाताहून लहान पापलेट घेऊ नका. अंडी घालायच्या आधीच जाळ्यात आलेलं असतं ते. २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केला, आणि ताटात येतात त्याची पोरं.

पुण्यापर्यंत न्यायचं तर जेवढी मासळी तेवढाच बर्फ, वजनाने. आठ किलोला आठ किलो. थर्मोकोलच्या खोक्याला तळाशी भोक पाडून खाली ट्रे ठेवा. बहुतेकांची मासळी बर्फ कमी पडून जात नाही, वितळलेल्या पाण्यात तासन्‌तास बुडून जाते. पोट साफ करून घ्या, पण तुकड्या करू नका. कापलेल्या मांसात पाणी शिरतं आणि चव धुऊन निघते. कोळंबीची डोकी तिथेच काढा, काळं पडायला सुरुवात डोक्यापासून होते. बोंबील नेऊच नका, तिथेच खा. चिंबोऱ्या (खेकडे) जिवंत, ओल्या गोणपाटात, बर्फाबाहेर. वाटेत मेली ती टाकायची.

बांगडा आणि सुरमईबद्दल जरा कडक सांगतो. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात जे तयार होतं त्याने अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. शिजवून ते जात नाही. म्हणून खरेदी रविवारी सकाळी निघतानाच करा, आणि खोकं आधी बर्फाने भरून मग मासळी घ्यायला जा.

सुक्यात सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) घ्या. मुठीत दाबून सोडल्यावर सुटे झाले पाहिजेत. चिकटले तर ओल आहे, महिन्यात बुरशी धरेल. जवळा पांढऱ्या कागदावर पसरून झटका, वाळू लगेच दिसते.

पुळणवाट

खूपच कामाचं, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. कर्द्याला लोक गाडी थेट पुळणीवर नेतात, आईसाठी ते सोयीचं होईल का? आणि कासवांची पिल्लं बघायला सगळे वेळासचं नाव घेतात, तिथेच जावं लागेल का?

खाजण

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओहोटीची ओली वाळू वरून डांबरासारखी टणक वाटते. चाक थांबलं की खालची पोकळ वाळू सरकते आणि मग गाडी पोटावर बसते. घाबरून रेस केली की आणखी खोल. तुमच्या दिवशी बारानंतर पाणी चढायला लागेल, म्हणजे जेवणाच्या वेळेला अडकलात तर हातात फार वेळ नाही. कुणाची अडकलेली दिसली तर टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, चाकांमागची वाळू हाताने काढायची, झावळ्या घालायच्या आणि हलक्या पायाने मागे घ्यायची, आत आलेल्याच चाकोरीतून. आईंसाठी मुरुडला पुळणीलगत राहा, सुरूच्या बनातून दोन मिनिटांत पाणी.

जुना तांडेल

मुरुडहून केळशीमार्गे वेळासला जायला दीड तास धरा, आणि पिल्लं सोडतात ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. मुरुडहून सकाळचं गाठायचं तर सव्वापाचला निघायला हवं. अंजर्ल्यालाही घरटी राखतात, ते तुम्हाला जवळ. घरट्यात अंडी घातल्यापासून पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि बघायला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. पण आज निघतील की उद्या, हे घरट्यावर झाकलेली टोपली उचलेपर्यंत राखणाऱ्यालाही कळत नाही. मुलीला तसं आधीच सांगून ठेवा.

पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत, ओल्या वाळूवर ठेवतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. दोरीच्या आत पाय नको, फ्लॅश नको, उचलून फोटो तर मुळीच नको. गर्दीत मागे राहिलात तर बाजूने पाण्याकडे जाऊ नका. लाटेबरोबर परत आलेलं पिल्लू पायाखाली येतं आणि ओल्या वाळूवर ते दिसतही नाही.

शनिवारी किल्ला, दुपारी आराम, चारला अंजर्ल्यात चौकशी. घरटं फुटलेलं असेल तर सहापर्यंत किनाऱ्यावर, नसेल तर तसेच वर गणपतीला.